काच शाबूत

१

हिरालाल बिसेन रविवारी दुपारी सात नंबरच्या खांबापाशी मेला. सोमवारी सकाळी त्याची लाल पुठ्ठ्याची वही कुठेच सापडेना.

वही दोन आण्यांची असेल. पण आसलटोल्याच्या मँगनीज खाणीत तिला किंमत होती. हिरालाल तिथला सर्वेअर. जमिनीखाली दोनशे फुटांवर, मोठ्या दालनात, छत तोलून धरायला खडकाचेच खांब सोडलेले होते. त्यांतल्या सात नंबरच्या खांबावर एक भेग होती. भेग वाढते की नाही हे बघायला हिरालालने तिच्यावर काचेची पट्टी आडवी बसवली होती, दोन्ही टोकांना प्लास्टर लावून. भेग केसभर जरी रुंदावली तरी काच तुटणार. काच रोज बघायची, वहीत लिहायचं, आणि वर येऊन, खालच्या कामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरमन भैय्यालाल राहांगडालेला सांगायचं. भैय्यालाल ते खाणीच्या रजिस्टरात उतरवायचा.

मंगळवारी दुपारी परसराम खोब्रागडे तुमसरहून एस.टी.ने उतरला तेव्हा ते रजिस्टर मॅनेजर सबनीसांच्या टेबलावर उघडंच होतं. परसराम मूळचा लाखांदूरकडल्या दिघोरीचा, आता नागपूरला खडक तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला. खडकावर दाब देऊन तो कधी आणि कसा तुटतो हे बघणं, हे त्याचं काम. उन्हाळ्यात हिरालालला काचेच्या पहिल्या तीन पट्ट्या त्यानेच दिल्या होत्या.

"वाचा," सबनीस म्हणाले. ते पुण्याकडचे, पातळ आवाजात बोलणारे. "सोळा ऑक्टोबरपासून बारा नोव्हेंबरपर्यंत. रोज एकच नोंद."

परसरामने बोट फिरवलं. काच शाबूत. काच शाबूत. काच शाबूत. अठ्ठावीस वेळा, भैय्यालालच्या ठसठशीत अक्षरात.

"आणि तेराला त्याच खांबाची शिळा त्याच्या अंगावर येते," सबनीस म्हणाले. "म्हणजे दोनच शक्यता. एक तर तुमचं शास्त्र खोटं, दगड काही न सांगता तुटतो. नाही तर हिरालाल काच न बघताच शाबूत सांगत होता आणि स्वतःच्या आळसाने मेला. वरच्या लोकांना मला दोन्हींपैकी एक लिहायचं आहे."

"आता खाली माणसं आहेत?"

"दोन्ही शिफ्टला एकतीस-एकतीस. पडली ती एक शिळा होती, खांब उभा आहे."

"साहेब, हा खडक वाकत नाही, चेपत नाही. काचेसारखाच तुटतो, एकदम. पण आधी कुजबुजतो. दालन बंद करा."

सबनीसांनी चष्मा काढला. "बंद करतो. कधीपर्यंत? आठ दिवस? वर्ष? उद्या पडणार असेल तर मी आज माणसं काढीन. तुम्ही मला तारीख सांगा, खोब्रागडे."

परसरामजवळ तारीख नव्हती. ती त्या लाल वहीत होती.

२

खाली उतरताना पुढे भैय्यालाल होता आणि मागे लाकडी टेकू बसवणारा गोपीचंद मिस्त्री. भैय्यालालचं वय पंचावन्न. मजूर म्हणून लागलेला, दगड ओळखत ओळखत ओव्हरमन झालेला. हातातल्या लोखंडी सब्बलीने तो चालता चालता छताला टोले द्यायचा आणि कान देऊन ऐकायचा.

"ऐका साहेब. टण् वाजते. पक्का दगड आहे."

सात नंबरचा खांब बैलगाडीएवढा रुंद होता. डाव्या अंगाला शिळा निखळल्याची पांढरी जखम. खालची जमीन कोणीतरी धुतली होती.

"काच कुठे होती?"

"येथी," भैय्यालालने बोट दाखवलं. "शिळेसंग रविवारीच पडली. सोमवारी मी उतरलो तं काहीच नव्हतं."

परसरामने दिवा जवळ धरला. भेग शिळेच्या जखमेपासून हातभर उजवीकडे होती. तिच्या दोन्ही बाजूंना प्लास्टरचे दोन गोळे अजून घट्ट चिकटलेले. मधली काच मात्र नाही. त्याने गोळ्यांवरून बोट फिरवलं. कडा खरवडलेल्या होत्या, छिन्नीने खरवडाव्यात तशा. आणि डाव्या गोळ्याच्या खाचेत निळ्या रंगाची एक रेघ होती.

प्रयोगशाळेची काच बिनरंगाची असते.

त्याने मागे वळून पाहिलं. दोघेही त्याच्या बोटाकडे बघत होते.

"मिस्त्री, सोमवारपासून या खांबापाशी कोण कोण आलं?"

"मी आन् भैय्यालालदादा," गोपीचंद म्हणाला. "बाकीच्याइले भेव वाटते. मी पल्याडच्या अंगाले टेकू लावाले आलो व्हतो सोमवारी." मग थोडं थांबून म्हणाला, "हिरालालचं आन् माया पटत नव्हतं, हे कोणीबी सांगन तुमाले. टेकू कमी हायत म्हणून माया मागं लागला व्हता. पण म्या त्याच्या काचेले हात नाही लावला."

"मी काचेचं विचारलंच नाही," परसराम म्हणाला.

तेवढ्यात खांबाच्या आतून बोटं मोडावीत तसा एक बारीक आवाज आला. तिघांनीही कान दिला. तो पुन्हा आला नाही.

३

रत्नाबाईच्या घरी तिसऱ्या दिवसाची गर्दी ओसरली होती. हिरालालची बायको भिंतीला टेकून बसली होती. परसराम ओसरीतच थांबला.

"आत या. तुमाले मी ओळखते. काचावाले साहेब नं तुमी?"

तो आत गेला. समोरच्या भिंतीवर लग्नाचा फोटो होता. हिरालालच्या डोक्याला बाशिंग, रत्नाबाईची मान खाली. फोटोच्या चौकटीला काच नव्हती.

"काच कुठे गेली, ताई?"

"त्यानंच नेली." तिने फोटोकडे पाहिलंही नाही. "म्या म्हटलं, लग्नाच्या फोटोची काच काहून काढता? तं म्हणे, तुटली तिची जागा रिकामी ठेवली तं हिशेब चुकते. मले रोज नवी काच पायजे नाही, पण तुटली का लगेच पायजे. आधी चंद्रभागाबाईची नेली, मंग आमची."

परसराम खाली बसला.  हिरालाल काच न बघता खोटं सांगत नव्हता. उलट प्रत्येक तुटलेल्या काचेच्या जागी त्याच दिवशी नवी बसवत होता. प्रत्येक काच किती दिवस टिकली ते मोजलं की खांब किती वेगाने फाटतोय ते कळतं.

"तुमाले त्यानं कार्ड टाकलं व्हतं," रत्नाबाई म्हणाली. "काचा संपल्या, पाठवा म्हणून. भेटलं नाही का तुमाले?"

ओसरीत कोणीतरी खोकलं. परसरामने मान वर केली.

"भेटलं, ताई. दसऱ्यानंतर तीन-चार दिवसांनी. मी दुसऱ्या कामात होतो. म्हटलं, पुढच्या आठवड्यात पाठवू."

 तिने उठून पाण्याचा गडवा त्याच्यापुढे ठेवला.

"तुमची काच कोणत्या दिवशी नेली, ते आठवतं का?" परसरामने विचारलं.

"न आठवाले काय झालं? धनतेरसच्या आदल्या दिवशी. मी घर सारवत व्हती."

परसरामने खिशातून कागद काढला. एक नोव्हेंबर, असं लिहिलं. वही गेली असेल, पण गावातल्या भिंतींवर तिची पानं टांगलेली होती. हिरालालजवळ ती वही शेवटची कधी पाहिली, हेही त्याने विचारलं.

"शनिवारी कामावरून आला तवा खिसा रिकामा व्हता. म्हणे, वही द्यायची त्याले देली. साहेब नागपूरले गेले, सोमवारी येतील. तवापर्यंत तो वाचन."

"तो म्हणजे कोण?"

"नाव नाही घेतलं, बाप्पा."

४

चंद्रभागाबाई शेजारीच राहत होती. तिच्या देवाच्या तसबिरीची काच हिरालालने दसऱ्याला नेली. "सणाच्या दिवशी देव उघडा केला म्हणून मी लय बोलली त्याले," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

दसरा, सोळा ऑक्टोबर. धनतेरसच्या आदल्या दिवशी, एक नोव्हेंबर. चंद्रभागाबाईची काच सोळा दिवस टिकली होती.

पुढची काच धान कापायला जाणाऱ्या धुरपताची नेली, हे तिनेच सांगितलं. बुधवारी सकाळी उजाडताच परसराम धान कापणीच्या बांधावर पोचला. धुरपता विळा कमरेला खोचून पुढे आली.

"माया नवऱ्याच्या फोटोची काच नेली. आमच्या गावच्या मंडईले, जत्रेच्या दिवशी. भाऊबीज झाली, त्याच्या तिसऱ्या दिवशी मंडई. पाव्हणे आले व्हते घरी, सारे हासले."

नऊ नोव्हेंबर. रत्नाबाईची काच आठ दिवस टिकली.

"आणि त्याच्यानंतर? कोणाची नेली?"

"गिरजाबाईची. थो काय, पल्याडच्या बांधीत हाय."

गिरजाबाई म्हातारी होती, कानाने जरा कमी. दोनदा ओरडून विचारावं लागलं.

"रविवारीच तं! दुपारी बारा वाजले असतीन. मी भात शिजवत व्हती. घामानं भिजला व्हता. म्हणे, मावशी, लवकर दे, सकाळी उतरलो तं धुरपताची तुटली दिसली. माया फोटोची काच लय सुंदर व्हती. निळी किनार, कोपऱ्यात दोन मोर. अख्खीच नेली त्यानं. आन् दुपारून तं तो मेलाच."

परसराम बांधावर उकिडवा बसला आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहू लागला. धुरपताची काच नऊपासून तेरापर्यंत, चार दिवस.

सोळा. आठ. चार.

प्रत्येक काच भेग तेवढीच केसभर रुंदावली की तुटत होती, आणि त्या केसाला दर वेळी निम्माच काळ पुरत होता. पुढची काच दोन दिवसांत. मग एक दिवस. मग अर्धा, मग पाव. कितीही काचा बसवा, सगळ्यांची बेरीज चार दिवसांच्या पुढे जात नाही. तेरा आणि चार.

सतरा नोव्हेंबर. उद्या.

तो धावतच खाणीवर आला. तिथल्या हिरालालच्या खोलीला रविवारी त्यानेच लावलेलं कुलूप होतं; त्याच्या खिशातली किल्ली सोमवारपासून सबनीसांकडे होती. कुलूप उघडल्यावर टेबलावर काच कापायचा हिरा दिसला आणि त्याच्याजवळ गिरजाबाईच्या काचेचा उरलेला तुकडा. निळी किनार. एक मोर अख्खा. दुसऱ्याची मान नव्हती. पट्टी कापताना ती पट्टीबरोबर गेली होती.

परसरामने दार ओढून घेतलं आणि आत काय पाहिलं ते कोणाला सांगितलं नाही.

५

अकरा वाजता सबनीसांच्या खोलीत चौघे होते. सबनीस, परसराम, गोपीचंद आणि भैय्यालाल. परसरामने कागद मांडला, दिवस मोजून दाखवले. बायकांची नावं घेतली नाहीत; गावातल्या घरांतून काचा नेल्या होत्या एवढंच सांगितलं.

सबनीस कागदाकडे पाहत राहिले. "म्हणजे हिरालालने काम केलं होतं."

"नुसतं काम नाही. जे सामान आम्ही दिलं नाही ते घरोघर मागून त्याने केलं."

"मग रजिस्टरात रोज 'शाबूत' कसं?" सबनीसांनी भैय्यालालकडे पाहिलं.

"तो जे सांगे ते मी लिहत व्हतो," भैय्यालाल म्हणाला. "शाबूत म्हणे, शाबूत लिहिलं."

सबनीसांनी घड्याळ पाहिलं. "उद्या म्हणता ना? ठीक आहे. आज दोन्ही शिफ्ट होऊ देतो. रात्री दहानंतर दालन बंद."

"साहेब, हे बायकांच्या सणावारांवरून काढलेलं आहे. अर्धा दिवस इकडे तिकडे होऊ शकतो. आत्ता बंद करा."

"कायले?" भैय्यालालचा आवाज चढला. "तीस वर्षं मी दगड वाजवून ऐकून राहिलो. फोटोच्या काचेवरून खाण बंद करता? मोराची नुसती मान असलेल्या पट्टीवरून एकतीस माणसं घरी बसवता?"

 परसराम हळू आवाजात म्हणाला,

"मोराची मान कुठे पाहिली, दादा?"

"गावात बोलून राहिले लोकं..."

"गावात दोन मोर माहीत आहेत. गिरजाबाईने अख्खी काच दिली. पट्टी हिरालालने रविवारी दुपारी त्याच्या खोलीत कापली, आणि पट्टीत फक्त मान आली. ती खोली तेव्हापासून बंद आहे, मीच आज उघडली. खाली पाणी उपसणारा पंपवाला सांगतो, रविवारी दोनला हिरालाल एकटाच खांबाकडे गेला, तुम्ही खाणीत नव्हता. मग ती मान तुम्ही एकाच जागी पाहिली असणार, खांबावर. सोमवारी खांबावर काहीच नव्हतं म्हणालात. प्लास्टरचे गोळे अजून घट्ट आहेत, मधली काच छिन्नीने काढलेली आहे, आणि खाचेत निळा रंग आहे. छिन्नी कोणी मारली असेल, हे मी विचारत नाही."

भैय्यालालची सब्बल भिंतीला टेकवलेली होती, ती घसरून खाली पडली.

"वही पण तुमच्याकडेच आहे. शनिवारी त्याने ओव्हरमनलाच दिली असणार, साहेब गावाला गेले होते. पण दादा, मले वही नको आहे." परसराम नकळत त्याच्या बोलीत गेला. "मले फक्त एक सांगा. गिरजाबाईची काच तुटली का? आन् कवा?"

भैय्यालाल ती उचलायला वाकला. सांगितलं तर एक महिन्याचं रजिस्टर त्याच्या गळ्याशी येणार होतं. नाही सांगितलं तर कोणी कधीच सिद्ध करू शकणार नव्हतं.

बाहेर मँगनीज निवडणाऱ्या बायकांचे हातोडे टकटक वाजत होते.

६

"तुटली," भैय्यालाल म्हणाला. "काल सकाळी. पहिल्या शिफ्टले उतरलो, सहा वाजले व्हते. मी दिवा धरून पायतच व्हतो. मायासमोर तुटली, साहेब. कोणी हात नाही लावला. टिक् करून."

परसरामने कागद ओढला. रविवार दुपार दोन ते मंगळवार सकाळ सहा. चाळीस तास. दोन दिवससुद्धा नाहीत. खांब त्याच्या हिशेबाच्याही पुढे पळत होता. पुढच्या सगळ्या काचांची बेरीज, कालच्या सहापासून मोजली तरी, चाळीस तासांच्या पुढे जात नव्हती. आज रात्री दहाच्या पलीकडे तर नाहीच, आणि वेग असाच वाढला असेल तर...

"उद्या नाही," तो म्हणाला. "आज. दुपारनंतर कधीही."

सबनीस उभे राहिले. घड्याळात अकरा वीस झाले होते. "भोंगा द्या!"

"भोंग्यानं नाही येनार," गोपीचंद म्हणाला. "शिफ्ट सुटाची वेळ नाही, समजतीन कोणी चुकून वाजवला."

भैय्यालालने टोपी चढवली होती. "मी जातो. माया आवाज ओळखतात ते."

"मी पण," गोपीचंद म्हणाला.

परसरामही निघाला, पण भैय्यालालने त्याला दारातच अडवलं. "तुमी टोकनं मोजा. एकबी कमी पडला तं मले सांगा." हे बोलताना त्याने परसरामच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

खाणीच्या तोंडाशी लाकडी फळी होती. खाली उतरणाऱ्याचं पितळी टोकन तिच्यावरून निघायचं, वर आला की पुन्हा लागायचं. एकतीस खिळे रिकामे होते. त्यांशिवाय आता भैय्यालाल आणि गोपीचंदचे आणखी दोन. पावणेबारा. बारा. पहिली पाच माणसं घामाघूम वर आली, "काय झालं जी?" विचारत. बारा वीसला अकरा. साडेबाराला चोवीस. मग पंधरा मिनिटं कोणीच नाही. सबनीस फळीसमोर येरझारा घालत होते. परसराम खिळे मोजत होता, एकदा, दोनदा, पुन्हा पहिल्यापासून.

पाऊण वाजता बाकीचे आले. शेवटी गोपीचंद, आणि त्याच्यामागे भैय्यालाल, एका लंगडणाऱ्या माणसाला खांद्याचा आधार देत. फळीवर एकही खिळा रिकामा नव्हता.

दोन वाजले. दुसरी शिफ्ट डबे घेऊन उभी राहिली. काहीच झालं नव्हतं. सबनीसांनी परसरामला बाजूला घेतलं.

"मला वरून फोन येईल. मी काय सांगू? काचेवरून?"

"सांगा की मी सांगितलं. माझं नाव सांगा."

अडीच वाजले. माणसं झाडाखाली बसून विड्या ओढू लागली, कोणीतरी हसलं. परसरामने कागद पुन्हा उघडला. चुकलो असलो तर उद्या हीच माणसं कोणाचंच ऐकणार नाहीत, आणि खांब तेव्हा पडेल. सबनीस म्हणाले, "तीनला उतरवतो. त्याहून जास्त थांबू शकत नाही." गोपीचंद डबा खाली ठेवून मोठ्याने म्हणाला, "मी नाही उतरत. ज्याले जायचं त्यानं जावं." कोणीच उठलं नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी पायाखालची जमीन एकदा हलली. आवाज नंतर आला, खोल, लांबलचक. मग खाणीच्या तोंडातून वारा सुटला. टोकनांची फळी उलटली, पितळी चकत्या धुळीत उधळल्या. मँगनीज निवडणाऱ्या बायका टोपल्या टाकून किंचाळत पळाल्या. काळी धूळ इतकी आली की शेजारचा माणूस दिसेना.

धूळ बसल्यावर माणसं एकमेकांना हात लावून बघत होती. लंगडणारा माणूस जमिनीवर बसून रडत होता.

७

संध्याकाळी रत्नाबाईला कोणीतरी घेऊन आलं. खाणीच्या ऑफिससमोर साठ-सत्तर माणसं उभी होती. भैय्यालाल घरी जाऊन आला होता. त्याने लाल वही सर्वांसमोर सबनीसांच्या हातात दिली आणि रत्नाबाईकडे वळला.

"बाई, काच तुटली का त्याच दिवशी तो नवी बसवे. शाबूतच व्हती. म्हणून शाबूत लिहिलं. आधीची तुटली, हे नाही लिहिलं. शनिवारी त्यानं वही देली, हात जोडले, म्हणे दादा, साहेबाले तार करा. मी म्हटलं, सोमवारी पाहू. मले वाटलं, दगड मले त्याच्याहून जास्त समजते." त्याने वहीकडे पाहिलं. "तो मेला, तवा भेव वाटलं. म्हणून काच काढली."

"तार कितीले पडते?" रत्नाबाईने विचारलं.

भैय्यालालने टोपी काढली.

"तो आळशी व्हता म्हणून मेला, असं तीन दिवस ऐकून राहिली मी," ती म्हणाली. "आता मोठ्यानं सांगा. साऱ्याइले ऐकू गेलं पायजे."

भैय्यालालने सांगितलं. पहिल्यांदा मागच्यांना ऐकू गेलं नाही, तेव्हा त्याने पुन्हा सांगितलं. सबनीसांनी रजिस्टर पुढे केलं, आणि त्याने नोव्हेंबरच्या पानाखाली तेच लिहून सही केली. मग सबनीस रजिस्टर बंद करू लागले.

"थांबा," परसराम म्हणाला.

त्याने पेन घेतलं. भैय्यालालच्या सहीखाली त्याने लिहिलं, की सर्वेअर हिरालाल बिसेन यांचं काचा मागणारं कार्ड ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्याला मिळालं होतं, आणि त्याने ते टेबलावर तसंच ठेवलं. तारीख घातली, पूर्ण नाव लिहिलं, आणि काय लिहिलंय ते रत्नाबाईला वाचून दाखवलं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग मान हलवली आणि घराकडे चालू लागली.